घरच्या घरी कारचं इंजिन ऑइल कसं चेक करायचं अन् कमी असलं तर किती टाकायचं

हे सगळं ज्यांनी आजवर बोनट स्वतः उघडलंच नाही त्यांच्यासाठी आहे. खास करून ज्यांनी सेकंडहँड गाडी घेतली आहे, ज्यांची गाडी पाच-सात वर्षं जुनी झाली आहे, किंवा जे उन्हाळ्याच्या सुट्टीत नागपूरहून थेट पुण्या-मुंबईला गाडी काढून राहिले त्यांनी तर पूर्ण वाचाच. एप्रिल लागला की आपण एसीची गॅस पाहतो, टायरची हवा पाहतो, काचांना जाळ्या लावतो, अन् इंजिन ऑइल मात्र एका सर्व्हिसिंगपासून दुसऱ्या सर्व्हिसिंगपर्यंत देवावर सोडलेलं असतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पाना-स्क्रूड्रायव्हर काही लागत नाही.

आधी हे का करायचं ते थोडक्यात सांगतो. लहान पेट्रोल गाडीत इंजिन ऑइल साधारण तीन-साडेतीन लिटर बसतं, मोठ्या डिझेल एसयूव्हीत पाच-सहा लिटर. म्हणजे लहान गाडीत एक लिटर कमी झालं तर जवळपास एक तृतीयांश ऑइल गायब झालं. राहिलेलं ऑइल तेवढंच काम करतं, धातूवर धातू घासू देत नाही, पिस्टनची अन् टर्बोची गरमी ओढून खाली ऑइल पॅनमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या भांड्यात आणतं, काजळी स्वतःत धरून ठेवतं म्हणून इंजिन आतून साफ राहतं, पण आता कमी ऑइलला तेच चक्कर जास्त वेळा मारावं लागतं, त्यामुळे ते लवकर तापतं अन् लवकर खराब होतं. आपल्याकडे मे महिन्यात काय होतं ते सांगायला नको, २०१३ च्या मे मध्ये नागपुरात ४७.९ डिग्रीची नोंद झाली होती, अन् नवतप्यात दुपारी व्हरायटी चौकात सिग्नलला एसी लावून उभी असलेली गाडी म्हणजे इंजिनची परीक्षाच.

आता सामान काय लागतं. एक स्वच्छ सुती फडकं, शक्यतो पांढरं, जुनी बनियान सगळ्यात चांगली, कारण पांढऱ्यावर ऑइलचा रंग दिसतो अन् तिचे धागे सुटत नाहीत. एक मोबाइलचा टॉर्च. गाडीचं मॅन्युअल, जे डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये जसंच्या तसं पडून असतं. ऑइल टाकायचं असेल तर नरसाळं. अन् एक छोटी वही, तिचं काम शेवटी येईल.

गाडी सपाट जागेवर पाहिजे, अन् इथेच घोळ होतो. आपल्या घरांचे पोर्च पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून गेटकडे उतरते असतात, डोळ्याला ते समजत नाही. पाण्याची गोल बाटली जमिनीवर आडवी ठेवून पाहा, घरंगळली तर तिथे चेक करू नका. गाडीचं नाक वर किंवा खाली असलं की ऑइल पॅनमध्ये एका बाजूला जातं अन् ऑइल मोजायची काडी, म्हणजे डिपस्टिक, खोटं सांगते, भरलेलं असताना कमी दाखवते किंवा कमी असताना भरलेलं. बेसमेंटच्या रॅम्पवर तर अजिबात नाही. समोरच्या सिमेंट रोडवर घ्या, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, अन् इंजिन बंद.

वेळ कोणती? मला विचाराल तर सकाळची. रात्रभर गाडी उभी असते त्यामुळे वर चढलेलं सगळं ऑइल खाली पॅनमध्ये उतरलेलं असतं, बोनट थंड असतं, हात भाजत नाही. मे मध्ये तर साडेसहा-सातच्या आत उरका. काही कंपन्या मॅन्युअलमध्ये सांगतात की इंजिन गरम करून, बंद करून, पाच-दहा मिनिटं थांबून मग पाहा, तर तुमच्या गाडीला तसं लिहिलं असेल तर तसंच करा. गरम ऑइल थोडं फुगतं, थंड ऑइल थोडं बसतं, काडीवर काही मिलिमीटरचा फरक पडतो. महत्त्वाचं काय, तर दरवेळी एकाच पद्धतीने पाहायचं, आज थंड अन् पुढच्या महिन्यात गरम असं केलं तर ऑइल खरंच कमी झालं की नाही ते समजणार नाही.

बोनट उघडायचा खटका ड्रायव्हरच्या पायाजवळ डॅशबोर्डखाली असतो. तो ओढला की बोनट जरा वर उचकतं, मग समोरून फटीत बोटं घालून दुसरी कडी चाचपायची, ती कुठे वर उचलावी लागते तर कुठे बाजूला सरकवावी लागते. बोनटचा टेकू नीट खाचेत बसला का ते हलवून पाहा, उन्हाळ्यात वाऱ्याची एक वावटळ आली तरी बोनट डोक्यावर येतं. अन् उन्हासाठी गळ्यात-डोक्याला बांधलेला दुपट्टा आधी काढून ठेवा. रेडिएटरचा फॅन इलेक्ट्रिक असतो, गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरायला लागू शकतो. दुपट्टा, ओढणी, लांब बाही, ब्रेसलेट, काहीच लोंबकळत नको.

आता डिपस्टिक शोधा. इंजिनच्या आसपास पिवळ्या किंवा केशरी रंगाचं एक कडं किंवा मूठ दिसेल, बऱ्याचदा त्यावर तेलाच्या झारीचं चित्र असतं. जुन्या काही ऑटोमॅटिक गाड्यांत गिअरबॉक्सची पण वेगळी काडी असते, म्हणून चित्र किंवा मॅन्युअल पाहूनच हात लावा. बाहेर काढायच्या आधी आजूबाजूची धूळ फडक्याने पुसून घ्या, ही पायरी कोणी करत नाही. आपल्या शहरात वर्षभर कुठे ना कुठे रोडचं, नाहीतर पुलाचं काम चालू असतं, बोनटखाली त्या धुळीचा थर असतो, काडी ओढताना ती भोकात पडली की सरळ ऑइलमध्ये.

काडी पूर्ण बाहेर काढा, टोकापर्यंत पुसा. पहिल्यांदा जे दिसतं ते वाचायचं नसतं, कारण गाडी चालताना ऑइल नळीत उडालेलं असतं अन् काडीभर माखलेलं असतं. पुसलेली काडी परत आत घाला, शेवटपर्यंत, मूठ नीट बसल्याचं हाताला जाणवलं पाहिजे, दोन सेकंद थांबा, मग सरळ ओढून बाहेर काढा. आडवी धरा. उलटी वर करून पाहिली तर ऑइल मुठीकडे वाहत येतं.

टोकाजवळ दोन खुणा असतात. कुठे दोन भोकं, कुठे दोन खाचा, कुठे मधे जाळीदार पट्टा, अन् काहींवर इंग्रजी अक्षरं, वरची खूण म्हणजे जास्तीत जास्त अन् खालची म्हणजे कमीत कमी. ऑइलची ओली रेघ या दोन्हींच्या मधे पाहिजे, वरच्या अर्ध्यात असली तर उत्तम. नवीन बदललेलं ऑइल इतकं पारदर्शक असतं की रेघ दिसतच नाही, तेव्हा काडी उजेडाकडे तिरपी करा, जिथपर्यंत चमकतं तिथपर्यंत ऑइल. काडीच्या दोन्ही बाजू पाहा, नळीला घासून एका बाजूला रेघ वर चढलेली असते, दोन्हीत जी खाली आहे ती खरी धरायची. शंका आली तर परत पुसा, परत घाला.

रंगावरून लोक फार घाबरतात किंवा उगाच निश्चिंत होतात. डिझेल गाडीत ऑइल बदलून आठवडाही नाही झाला तरी काळं कुट्ट दिसतं, ते नॉर्मल आहे, काजळी धरणं हेच त्याचं काम आहे. पेट्रोल अन् सीएनजीत ते मधासारखं असतं अन् हळूहळू तपकिरी होत जातं. काळं आहे म्हणून खराब अन् पिवळं आहे म्हणून चांगलं असा हिशोब नाही, बदलायचं ते किलोमीटर अन् महिन्यांच्या हिशोबाने, मॅन्युअलमध्ये असेल तसं. चिंता करायची ती तीन गोष्टींची. एक, दुधाळ रंग, दूध घातलेल्या कॉफीसारखा, म्हणजे ऑइलमध्ये कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गेल्याची शक्यता, हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं पॅकिंग खराब होणं वगैरे, अशी गाडी चालवू नका, टो करून न्या. पण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, अन् गाडी रोज फक्त धरमपेठ ते सीताबर्डी एवढीच फिरत असेल तर इंजिन पूर्ण गरम होत नाही अन् ऑइल टाकायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरट फेसाचा थर धरतो. काडीवरचं ऑइल स्वच्छ, कूलंटची लेव्हल जागेवर, अन् फेस फक्त झाकणाला, असं असेल तर ती वाफ आहे, एक दिवस वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन या, निघून जाईल. दुसरी गोष्ट, काडीला पेट्रोलचा किंवा डिझेलचा उग्र वास. तिसरी, बोटाने चोळल्यावर कचकच किंवा धातूची चमकी. या दोन्हीत मिस्त्रीला दाखवा.

बीएस६ डिझेलवाल्यांनी एक वेगळी गोष्ट लक्षात ठेवायची. या गाड्यांत डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो जाळून साफ करायला इंजिन जास्तीचं डिझेल सोडतं, अन् गाडी फक्त गल्लीबोळात फिरत असेल, ही साफसफाई दरवेळी अर्धवट राहत असेल, तर त्यातलं थोडं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग तुम्ही काही न टाकता लेव्हल वर चढते. वरच्या खुणेच्या वर गेलेली दिसली तर 'छान, भरपूर आहे' म्हणून बोनट लावू नका, ते पातळ झालेलं ऑइल आहे, बदलावं लागतं.

समजा रेघ खालच्या खुणेजवळ आहे. आता टॉप-अप. कोणतं ऑइल? मॅन्युअलमध्ये असेल तेच, अन् हा मुद्दा जरा सविस्तर सांगतो कारण नागपुरात याच्यावर सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला मिळतो. 'आपल्याकडे गरमी लय आहे भाऊ, पातळ ऑइल चालत नाही, जाडं टाक, २०डब्ल्यू-५० टाक.' ऐकायला बरोबर वाटतं. पण डब्यावर लिहिलेल्या घट्टपणाच्या ग्रेडमधला दुसरा आकडा, म्हणजे ५डब्ल्यू-३० मधला ३०, हा १०० डिग्रीला ऑइल किती घट्ट राहतं त्यावरून ठरलेला असतो, अन् इंजिन गरम झालं की आतलं ऑइल साधारण त्याच तापमानाच्या आसपास असतं. बाहेर ३० डिग्री असो की ४५, थर्मोस्टॅट, कूलंट, फॅन हे सगळे इंजिनचं तापमान एका पट्ट्यात धरून ठेवायलाच असतात. नवीन इंजिनात बेअरिंगमधली फट बारीक असते, ऑइलच्या दाबावर चालणारे बारीक भाग असतात, त्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलं असेल तर त्याच हिशोबाने ते बनवलेले आहेत. जाडं ऑइल सकाळी स्टार्ट केल्यावर वर पोचायला उशीर लावतं, मायलेज कमी होतं. पहिला आकडा, डब्ल्यूच्या आधीचा, थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, जितका लहान तितकं थंडीत सहज. जुन्या गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो, असेल तर त्यातलंच निवडा, तक्त्याच्या बाहेर जाऊ नका.

ग्रेडसोबत दर्जा पण पाहायचा. पेट्रोलला एपीआय एसएन, एसपी असे दर्जाचे कोड लिहिलेले असतात, डीपीएफवाल्या डिझेलला एसीईए सी२, सी३ वगैरे, म्हणजे कमी राख करणारं ऑइल, साधं डिझेल ऑइल त्यात टाकलं तर तो महागडा फिल्टर राखेने चोंदतो. कंपनी तीच पाहिजे असं मात्र नाही. सर्व्हो असो, मॅक असो, कॅस्ट्रॉल असो, ग्रेड अन् दर्जा जुळला की टॉप-अपला दुसऱ्या कंपनीचं चालतं. बाइकचं ऑइल घरात पडलंय म्हणून कारमध्ये टाकू नका, अन् कारचं बाइकमध्ये तर नाहीच, बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये भिजलेला असतो, कारच्या ऑइलने तो घसरायला लागतो.

डबा घेताना पेट्रोल पंपावरून किंवा ओळखीच्या ऑटो पार्टच्या दुकानातून घ्या. झाकणाचं सील, बॅच नंबर, तारीख, क्यूआर कोड तपासा, एमआरपीपेक्षा फारच स्वस्त देऊन राहिला असेल तर तो डबा तिथेच राहू द्या.

ऑइल टाकायचं झाकण इंजिनच्या वरच असतं, त्यावर झारीचं चित्र. डिपस्टिकच्या नळीत ऑइल ओतायचं नाही. अन् हे झाकण दुसऱ्या झाकणांपासून ओळखा, कूलंटची टाकी, ब्रेक ऑइलची छोटी डबी, काचा धुवायच्या पाण्याची टाकी, सगळं जवळजवळ असतं. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनवर उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. झाकणाच्या भोवतीची धूळ पुसा, मग फिरवून काढा, अन् आतली बाजू वर करून स्वच्छ जागी ठेवा. लू चालू असताना हे काम करू नका, आडोशाला करा. नरसाळं नसेल तर पाण्याच्या बाटलीचा वरचा भाग कापून घ्या, पण ती आतून पूर्ण कोरडी पाहिजे.

किती टाकायचं? बहुतेक गाड्यांत दोन खुणांमधलं अंतर म्हणजे साधारण एक लिटर, लहान इंजिनात त्याहून कमी, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. म्हणून पूर्ण डबा रिकामा करायचा नाही. पाव लिटर ओता. डब्याच्या बाजूला मापाची पारदर्शक पट्टी असते ती पाहून. बारीक धारेने, घाई न करता. मग पाच मिनिटं थांबा, कारण ते वरून टप्प्याटप्प्याने खाली झिरपत पॅनमध्ये जातं, लगेच काडी घातली तर काहीच फरक दिसत नाही अन् माणूस अजून ओततो. परत पुसा, घाला, वाचा. कमी असेल तर अजून पाव लिटर. वरच्या खुणेच्या जरा खाली थांबा, काठोकाठ भरायची गरज नाही.

जास्त झालं तर नुकसानच आहे. लेव्हल फार वर गेली की खाली फिरणारा क्रँकशाफ्ट त्या ऑइलला घुसळतो, त्यात हवा मिसळून फेस होतो, फेसाला दाब धरता येत नाही, अन् इंजिनच्या खालच्या भागात वाढलेल्या हवेच्या दाबाने सील गळायला लागतात. खुणेच्या केसभर वर असेल तर घाबरू नका, पण बोटभर वर असेल तर गाडी सुरू न करता मिस्त्रीला बोलवा, तो खालच्या नटमधून किंवा काडीच्या नळीतून बारीक पाइपने जास्तीचं काढून देतो.

ओतून झालं की झाकण घट्ट. हाताने फिरवून हलवून पाहा. झाकण तसंच राहिलं तर दहा मिनिटांत पूर्ण इंजिनवर ऑइलचा फवारा होतो, अन् गरम एक्झॉस्टवर पडलं तर धूर, कधी आगही. सांडलेलं लगेच पुसा. मग इंजिन स्टार्ट करा, अर्धा मिनिट चालू द्या, डॅशबोर्डचा लाल दिवा गेला का पाहा, बंद करा, थांबा, शेवटचं एकदा चेक करा.

त्या लाल दिव्याबद्दल. झारीच्या चित्राचा लाल दिवा म्हणजे ऑइल थोडं कमी झालंय असा मेसेज नाही. ऑइलचा दाब पडलाय, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाला ऑइल पोचत नाहीये, असा त्याचा अर्थ. 'गॅरेज दोन किलोमीटरवर आहे, हळूहळू नेतो' हे करायचं नाही, दोन किलोमीटरमध्ये इंजिन जाम होतं अन् खर्च लाखाच्या घरात जाऊ शकतो. गाडी कडेला घ्या, इंजिन लगेच बंद. दहा मिनिटांनी काडी पाहा, कमी असेल तर टाका, दिवा तरीही राहिला तर टो. काही गाड्यांत पिवळा दिवा वेगळा असतो, तो लेव्हल कमी झाल्याचा, त्यात लवकरात लवकर टाकलं की झालं.

अन् आता ती वही. प्रत्येक वेळी तारीख, किलोमीटर, रेघ कुठे होती अन् किती टाकलं, एवढं एका ओळीत लिहा. एकदा पाहून फार काही समजत नाही, तीन-चार ओळी झाल्या की गाडी बोलायला लागते. थोडंफार ऑइल प्रत्येक इंजिन खातं, दहा हजार किलोमीटरमध्ये अर्धा लिटर गेलं तर चिंता नको. पण दर हजार किलोमीटरला अर्धा लिटर टाकावं लागत असेल तर ते कुठे जातंय ते शोधा. रात्री इंजिनखाली पुठ्ठा पसरून ठेवा, सकाळी डाग दिसला तर गळती, बहुतेक वेळा टॅपेट कव्हरचं पॅकिंग, ऑइल फिल्टर किंवा खालचा ड्रेन नट. पुठ्ठा कोरडा अन् एक्झॉस्टमधून निळसर धूर, तर ऑइल जळतंय, रिंग, वाल्व सील किंवा टर्बो. मिस्त्रीला 'ऑइल पिऊन राहिली' एवढंच सांगण्यापेक्षा ती वही दाखवली तर त्याचाही वेळ वाचतो अन् तुमचे पैसेही. वॉरंटीतली गाडी असेल तर हीच वही सर्व्हिस सेंटरला जॉबकार्ड उघडताना दाखवा अन् तक्रार लिहूनच घ्यायला लावा, ऑइलच्या डब्यांची बिलं पण तिलाच पिन करून ठेवा.

रोजची गाडी असेल तर महिन्यातून एकदा चेक करणं पुरतं, जुनी असेल तर पंधरा दिवसांनी. लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी मात्र हमखास. समृद्धी महामार्ग मुंबईपर्यंत ७०१ किलोमीटर आहे, कारला ताशी १२० ची मर्यादा आहे, तासन् तास एकाच जास्त आरपीएमवर इंजिन फिरतं अन् शहरात न खाणारी गाडीही तिथे ऑइल खाते, त्यात मधे गॅरेज शोधणं सोपं नाही. तुमच्याच ग्रेडचा एक लिटरचा सीलबंद डबा, नरसाळं अन् फडकं डिकीत उभं ठेवा. जाऊन आल्यावर परत एकदा पाहा अन् वहीत लिहा.

टॉप-अप करत राहिलो म्हणजे ऑइल बदलायची गरज नाही असं समजू नका, जुनं ऑइल अन् जुना फिल्टर वेळेवर बदलावाच लागतो. ज्या गाड्यांत काडीच नाही, काही महागड्या जर्मन गाड्यांत नसते, तिथे स्क्रीनवरच लेव्हल पाहायची, बाकी सपाट जागा अन् थांबायचा नियम तोच.

ऑइलने भिजलेलं फडकं अन् काढलेलं जुनं ऑइल नालीत टाकू नका, नाल्यांमधून ते नाग नदीतच जातं. कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याला द्या, त्याच्याकडून ते भंगारातून रिसायकलिंगला जातं. अन् रिकामा झालेला ब्रँडेड डबा भंगारात द्यायच्या आधी त्याला दोन-तीन भोकं पाडा अन् लेबल फाडा, नाहीतर त्याच डब्यात नकली ऑइल भरून कोणाच्या तरी गाडीत जातं.